दहा दिवस बांधून ठेवा

सरकारी दवाखान्यात कुत्रा चावल्याचा पेशंट गेला की केसपेपर लिहिता लिहिता पहिला प्रश्न येतो, "पाळीव की भटका?" पाळीव म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं : "बांधून ठेवा, दहा दिवस लक्ष ठेवा. आजारी पडला, मेला तर लगेच कळवा."

दहाच का? रेबीजचा विषाणू नसांतून मेंदूत आणि तिथून लाळेत उतरतो. लाळेत तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी येतो आणि लक्षणं दिसली की कुत्रा साधारण आठवडा-दहा दिवसांत मरतो. म्हणून दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. एवढंच सिद्ध होतं. त्याला पुढे रेबीज होणारच नाही, असं नाही, कारण रोग अंगात महिनोन् महिने दबा धरून राहू शकतो.

पूर्वी इतका धीर कोण धरणार? पिसाळल्याचा संशय आला की काठी. कंपनी सरकारच्या मुंबईत तर मोकाट कुत्रं मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ च्या जूनमध्ये ही मोहीम पारशांच्या पवित्र दिवशीही चालू राहिली आणि शहरात दंगल पेटली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. हिंदू आणि जैनही त्यांच्या बाजूने उतरले.

'मारू नका' याला शास्त्राचं बळ मिळालं ते पुढे. १९०३ मध्ये इटलीच्या अडेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या जनावराच्या मेंदूत विशिष्ट कण सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली निदान होऊ लागलं, पण एक अडचण होती. कुत्रा फार लवकर मारला तर ते कण तयारच झालेले नसत. डोकं ठेचलं असेल, तर तपासायला काही उरतच नसे. जिवंत, बांधलेला कुत्रा हाच खात्रीचा पुरावा ठरला.

आपल्याकडे या दहा दिवसांना आणखी एक वजन होतं : पोटातली चौदा इंजेक्शनं. कसौलीच्या संस्थेत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये तयार केलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बने. ती दुखायची आणि क्वचित लकवाही व्हायचा. साहजिकच कुत्रा जगतोय का, हे पाहूनच सुया घ्यायच्या, असा लोकांचा कल असे. २००५ च्या सुमारास ही लस भारतात बंद झाली. आता लस दंडात आणि पहिल्याच दिवशी. ०, ३, ७ असे दिवस धरले (० म्हणजे पहिल्या सुईचा दिवस) तर दहाव्या दिवसापर्यंत तीन डोस झालेले असतात. पूर्वी सुरू करायची की नाही, हे कुत्रा ठरवायचा. आता थांबवायची का, एवढंच त्याच्यावर उरलंय.

कायद्यात हा आकडा आला तो भटक्यांच्या निमित्ताने. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी सांगितलं, की रेबीजचा दाट संशय असलेला कुत्रा नैसर्गिक मरण येईपर्यंत वेगळा ठेवावा. आधीच मारला तर रेबीज नेमका किती आहे ते कळत नाही. म्हणजे नेग्रींच्या काळातलाच मुद्दा. याच नियमांत 'लागण झाल्यापासून दहा दिवसांत' मरण येतं, असं ढिसाळ वाक्यही होतं. हवं होतं 'लक्षणं दिसल्यापासून'.

पाळीव कुत्र्याच्या मालकाला निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये दंड हजारापर्यंत होता. दहा दिवसांची देखरेख मात्र बहुतेक ठिकाणी मालकाच्या गॅलरीतच होते. सोसायटीतले लोक लसीकरणाचं पुस्तक मागतात, मालक ते अभिमानाने दाखवतो आणि विषय मिटला असं समजतो. पुस्तक भरलेलं असलं तरी कुत्र्याचे दहा दिवस चुकत नाहीत.