पार्श्वभूमी : गुणपत्रिकेपासून लाइकपर्यंत

शिक्षण, ताणतणाव आणि सोशल मीडिया ही तीन नावं हल्ली एका दमात घेतली जातात. मुलं चिडचिडी का झाली, मोठ्यांचं चित्त का थाऱ्यावर नाही, लोक एकमेकांच्या अंगावर का धावून जातात, अशी चर्चा सुरू झाली की तिघांचीही हजेरी लागतेच. पण त्यांचा अभ्यास वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी आणि बराच काळ एकमेकांची दखलही न घेता केला. शाळेचे परिणाम मानसशास्त्रज्ञ शोधत होते. ताणाची कल्पना हॉर्मोनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतून आली. सोशल मीडिया उभारणारे बहुतांशी संगणकवाले. या तिघांना बांधणारा धागा बऱ्याच उशिरा हाती लागला. आपल्याला कोणीतरी पारखतंय आणि त्या पारखण्यावर आपला काही ताबा नाही, ही जाणीव म्हणजे तो धागा.

सुरुवात शाळेपासून करू. शिकल्याने माणूस बदलतो हे सगळेच मानतात, पण नेमकं काय बदलतं? याचं फार बोलकं उत्तर १९३१ आणि १९३२च्या उन्हाळ्यात मध्य आशियात मिळालं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तान आणि किर्गिझियातल्या खेड्यापाड्यांत गेले. तिथे सामूहिक शेती आणि साक्षरता वर्ग नुकतेच सुरू झाले होते. त्यामुळे शाळेचं तोंडही न पाहिलेले आणि थोडंफार शिकलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच भागात भेटत. लुरिया त्यांना विचारत : दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. मग तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? न शिकलेला शेतकरी म्हणे, मला काय ठाऊक, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही. जिथले प्राणी तिथे. थोडीशी शाळा झालेला माणूस मात्र चटकन सांगून मोकळा होई : पांढरी.

खरं तर शेतकऱ्याचं उत्तर जास्त प्रामाणिक आहे. जे पाहिलं नाही त्याबद्दल तो बोलायला तयार नव्हता. समोरच्याने दिलेलं विधान तेवढ्यापुरतं खरं धरायचं, स्वतःचा अनुभव बाजूला ठेवायचा आणि अपेक्षित उत्तर काढून द्यायचं, ही सवय शाळेत लागते. लुरियांची ही निरीक्षणं त्या काळच्या राजकारणाला रुचली नाहीत आणि ती पुस्तकरूपात यायला १९७४ साल उजाडलं. पुढे सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांमध्ये एक सोयीची परिस्थिती हेरली. या लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेर, घरच्या घरी शिकली जाते. म्हणजे साक्षर पण शाळेत न गेलेली माणसं तिथे होती. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसलं की, अशा कोड्यांची उकल कारणं देऊन समजावण्याची सवय निव्वळ लिहितावाचता येण्याने लागत नाही, ती शाळेने लागते. शाळेत एक विचित्र गोष्ट रोज घडते : विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, तरी तो विचारतो. तो प्रश्न माहितीसाठी नसतो, तुम्हाला जोखण्यासाठी असतो.

हे जोखणं आकड्यात बांधण्याचा इतिहास फार जुना नाही. परीक्षा जुन्या आहेत. चीनच्या राजदरबारी अधिकारी निवडणारी परीक्षापद्धत हजारभर वर्षांहून अधिक चालली आणि १९०५ साली बंद झाली. पण ती मूठभरांसाठी होती. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७६३ साली पाच ते तेरा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची केली, आणि एकोणिसाव्या शतकात ही कल्पना एकेका देशात पसरत गेली. सगळी मुलं शाळेत आली, की त्यांची वर्गवारी करणं ओघाने आलंच.

१९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थेओदोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली. ज्या मुलांना वर्गात जादा मदत लागेल ती ओळखायची, एवढाच तिचा हेतू. बुद्धी म्हणजे न बदलणारा ठरीव साठा आहे, असं मानणाऱ्यांवर बिने यांनी स्वतः कडक टीका केली होती. १९११मध्ये ते गेले. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी चाचणीची सुधारित आवृत्ती काढली, आणि १९१७पासून पहिल्या महायुद्धासाठी भरती झालेल्या सुमारे १७ लाख जणांना सामूहिक चाचण्या देण्यात आल्या. मदतीसाठी बनवलेलं साधन इतक्या झपाट्याने चाळणी होऊन बसलं.

आकडा आणि बक्षीस यांनी वागणं कसं वाकतं, याचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला. बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढून झाल्यावर, अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगीत पेनं ठेवली आणि कोण किती वेळ चित्रं काढतंय ते लपून पाहिलं. बक्षिसाचा वायदा मिळालेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम ‘कशासाठी तरी’ करायचं काम झालं होतं. पुढे लाइकवर जो वाद झाला, त्याची बीजं इथे दिसतात.

आता ताण. ‘टेन्शन’ आज पाचवीला पुजलेलं असलं, तरी त्याची वैद्यकीय कल्पना जेमतेम नव्वद वर्षांची. त्याआधी वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ‘लढा किंवा पळा’ ही प्रतिक्रिया मांडली होती : धोका दिसताच छाती धडधडते, पचन थांबतं, रक्त स्नायूंकडे वळतं. त्याही आधी, १९०८मध्ये, रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं. सोप्या कामात कडक झटक्यांनी शिकणं लवकर होई, अवघड कामात मात्र मध्यम झटका सर्वांत परिणामकारक ठरे. या छोट्याशा प्रयोगावरून ‘थोडा ताण चांगलाच असतो’ ही उलट्या वाटीसारखी रेघ पुढे प्रशिक्षण शिबिरांच्या फळ्यांवर जाऊन बसली. मूळ प्रयोग फक्त उंदीर आणि विजेचा होता, हे तिथे क्वचितच कोणी सांगतं.

ताणाला आजचा अर्थ देणारे हान्स सेल्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात नवं हॉर्मोन शोधत होते. उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचले की तीन गोष्टी दिसत : मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी सुजलेली, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. नवं हॉर्मोन सापडलं म्हणून ते हरखले. मग त्यांनी फॉर्मालिन टोचून पाहिलं, तर तेच! कारण कोणतंही असो, शरीराचं उत्तर एकच, असा निष्कर्ष त्यांनी १९३६ साली ‘नेचर’मधल्या छोट्या पत्रात मांडला. पुढे जगभर ताणाचा शब्द त्यांनीच पोहोचवला. त्यांच्या संशोधनाला सिगारेट उद्योगाने पैसे पुरवल्याचं मात्र नंतर उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसलं. हृदयविकाराचं खापर धूम्रपानाऐवजी ताणावर फुटणं त्या उद्योगाच्या पथ्यावर पडणारं होतं.

‘उत्तर एकच’ हे म्हणणं फार काळ टिकलं नाही. रिचर्ड लॅझरस यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की, प्रसंगापेक्षा आपण त्याचा अर्थ काय लावतो यावर ताण ठरतो. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आपण काहीही केलं तरी झटका थांबत नाही असा अनुभव घेतलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट समोर असूनही जागचे हलेनात. हतबलता अशी अनुभवातून शिकली जाते, असं त्यांनी मांडलं. जवळपास अर्धशतकानंतर, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपली मांडणी उलटी केली : हतबलता शिकावी लागत नाही, ती आपसूक येते. शिकावं लागतं ते ‘आपल्या हातात काहीतरी आहे’ हे. आपलाच गाजलेला सिद्धान्त स्वतः फिरवणारे शास्त्रज्ञ विरळाच.

माणसांमध्ये याचा पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आला. १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सुमारे १८,००० पुरुष कर्मचारी होते. जबाबदारीच्या ओझ्याने वरचे साहेब आधी जातील, हा समज खोटा ठरला. सर्वांत खालच्या श्रेणीतला मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपानासारखी कारणं वजा करूनही फरक पुरता मिटेना. पुढच्या अभ्यासात एक गोष्ट ठळक झाली : कामाचा वेग आणि रीत ठरवणं ज्यांच्या हाती नव्हतं, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता.

धागा हाती लागला तो १९९३मध्ये, जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात. प्रयोगशाळेत हमखास ताण कसा निर्माण करायचा, हा तिथल्या संशोधकांपुढचा प्रश्न होता. त्यांनी शोधलेली पद्धत आजही वापरली जाते. सहभागी माणसाला एका खोलीत नेतात. समोर परीक्षक बसलेले, चेहरे कोरे, ना मान डोलावणं ना स्मित. त्यांच्यापुढे पाच मिनिटं बोलायचं, नोकरीसाठी आपणच कसे योग्य ते सांगायचं. मग तोंडी गणित : १०२२मधून १३ वजा करत जायचं. चूक झाली की पुन्हा १०२२पासून. बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हॉर्मोन, यानंतर चढतं. हे वर्णन वाचून तोंडी परीक्षा आठवली नाही असा माणूस सापडणं कठीण. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमनी यांनी २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. काम किती अवघड होतं यापेक्षा दोन गोष्टी निर्णायक ठरल्या : दुसरं कोणीतरी आपल्याला पारखतंय, आणि निकाल आपल्या हातात नाही. दोन्ही एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक चढायचं आणि उतरायला सर्वाधिक वेळ घ्यायचं.

योगायोग असा, की फेसबुक सुरू झालं तेही २००४ सालीच.

त्याआधी सिक्स-डिग्रीज (१९९७), फ्रेंडस्टर (२००२), मायस्पेस (२००३) होतीच. पण वागणुकीच्या दृष्टीने वळण आणलं ते संकेतस्थळांपेक्षा त्यांच्यात नंतर घातलेल्या बारीकसारीक सोयींनी. सप्टेंबर २००६मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं. तोवर कोणाचं काय चाललंय ते पाहायला त्याच्या पानावर जावं लागे, आता ते आपणहून पुढ्यात येऊ लागलं. लोक भडकले, विरोधाचे गट निघाले, आणि मग सवय झाली. फेब्रुवारी २००९मध्ये लाइकचं बटण आलं. त्याच वर्षी ट्विटरने रिट्वीटचं बटण दिलं. आवड-निवड, शाबासकी, दुर्लक्ष या सगळ्याला एकदम आकडा मिळाला आणि तो चारचौघांत झळकू लागला. माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ सालीच मांडलं होतं, पण त्यासाठीची मोजपट्टी इतकी स्वस्त आणि चोवीस तास उपलब्ध कधीच नव्हती. गुणपत्रिका निदान वर्षातून ठरावीक वेळाच हाती पडते.

इथे वर्तनवाद्यांची, म्हणजे बक्षीस-शिक्षेने वागणं कसं घडतं ते अभ्यासणाऱ्यांची, जुनी विद्या कामी आली. कबुतराला दर टोचीला बक्षीस न देता कधी दोनदा, कधी दहादा टोचल्यावर दिलं, तर ते थांबायचं नाव घेत नाही, हे चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ सालच्या ग्रंथात तपशिलाने नोंदवलं होतं. याच आधारावर फोनला ‘डोपामीनचं व्यसन’ म्हणण्याची टूम निघाली. ती अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या कामातून दिसलं होतं की, डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी सुखाची नोंद करत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाची करतात. ठरलेलं मिळालं की त्या गप्प, अनपेक्षित मिळालं की जाग्या.

लाइकने वागणं खरंच घडतं का, याचं उत्तर २०२१मध्ये मिळालं. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी ७,३३१ जणांची १ कोटी २७ लाख ट्वीट तपासली. संतापाच्या पोस्टला ज्यांना भरघोस लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढच्या खेपेस जास्त संतापू लागले. मूळचे सौम्य, मध्यममार्गी लोक अशा प्रोत्साहनाने जास्त बदलताना दिसले. बालवाडीतला सोनेरी तारा आणि हा प्रकार यांत एक फरक आहे. तिथे बक्षिसाने आवड मारली होती, इथे त्याने एक भावना वाढवली.

परिणाम किती मोठा, यावर मात्र अजून खडाजंगी आहे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेसबुकच्या प्रयोगात ६,८९,००३ जणांच्या फीडमधून आनंदी किंवा दुःखी मजकूर गुपचूप कमी केला गेला. जगभर गदारोळ झाला, पण मोजलेला परिणाम अगदी नगण्य होता. परवानगीशिवाय केला हा आक्षेप आहे तो आहेच. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ साली दाखवलं की, किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी डिजिटल साधनांच्या वापराशी निगडित वाटा जेमतेम ०.४ टक्के. उलट, फेसबुक अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने पोहोचलं तेव्हाचा तपशील २०२२मध्ये अभ्यासला गेला, तर ते आल्यानंतर विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य बिघडलेलं दिसलं. २०१८च्या अमेरिकी निवडणुकीआधी चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांना थोडं बरं वाटलं, त्यांची राजकीय मतं जराशी निवळली, आणि बातम्यांची माहिती घटली.

हे निष्कर्ष दिसतात तितके परस्परविरोधी नाहीत असं मला वाटतं. ‘किती तास’ विचारणारे अभ्यास एक गोष्ट मोजतात, आणि त्या तासांत माणूस पारखला जातो की नुसता गप्पा मारतो, ही दुसरी. दुसरीचा तपशील बराचसा कंपन्यांच्या संगणकांत बंद आहे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडिया खात्यांची बंदी केली, ती १० डिसेंबर २०२५पासून लागू झाली. युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. तिथल्या २०२२च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार पात्र संशोधकांना बड्या मंचांकडून आतली आकडेवारी मागता येते.