पुणे महापालिकेतील प्रशासकीय राजवट : पार्श्वभूमी

पुण्याची नगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी महापालिका झाली. महापालिकांसाठीच्या १९४९ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे ठेवले, तर मोठ्या खर्चाची मंजुरी आणि धोरणाचा निर्णय निवडक नगरसेवकांची स्थायी समिती व सर्व नगरसेवकांची मुख्य सभा यांच्याकडे सोपवला. सभागृहात ऐनवेळी दाखल होणारे प्रस्ताव आणि अंदाजपत्रकातील वर्गीकरणे, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवणे, यांवर पुणेकरांनी पुष्कळ टीका केली आहे व ती बहुतांशी रास्तही होती. तरीही प्रस्ताव मांडणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, एवढी खबरदारी त्या रचनेत होती.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून मांडलेला प्रस्ताव स्थायी समिती म्हणून, आणि पुढे मुख्य सभा म्हणूनही, त्यांनीच मंजूर करायचा, अशी व्यवस्था आली. अंदाजपत्रकेही याच रीतीने मंजूर झाली. अधिकारी कार्यक्षम होता की नव्हता, हा येथे दुय्यम प्रश्न आहे.

निवडणुकीला झालेल्या विलंबाचे कारण म्हणून इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सांगितला जातो, पण ते अर्धेच खरे आहे. त्या आरक्षणासह निवडणुका घेण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये मोकळा केला होता. मात्र तोवर राज्यात सत्तांतर झाले होते. आधीच्या शासनाने चारऐवजी तीन सदस्यांचा प्रभाग केला होता. नव्या शासनाने ऑगस्टमध्ये पुन्हा चार सदस्यांचा केला, तो बदल न्यायालयात गेला आणि ‘जैसे थे’ आदेशामुळे सारे थांबले. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३ यू सांगते; प्रभाग किती सदस्यांचा असावा, हे ठरवण्याची मोकळीक मात्र राज्याला आहे, आणि दोन्ही शासनांनी ती आपापल्या सोयीने वापरली.

याची झळ सर्वाधिक लागली ती २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांना. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या आणि नगरसेवक आलाच नाही. पाणी, रस्ता, कचरा यांसाठी दाद मागायची तर थेट क्षेत्रीय कार्यालय गाठावे लागे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांसाठी चार महिन्यांची मुदत दिली आणि पुढे ती वाढवली. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी १६५ सदस्यांच्या सभागृहासाठी मतदान झाले. प्रशासकांनी दरम्यान केलेले ठराव कायद्याच्या दृष्टीने महापालिकेचेच ठराव असल्याने, त्यांतून आलेली देणी आणि दीर्घ मुदतीचे करार नव्या सभागृहाकडे आले.