पडद्यावरचा नवरा, कोर्टातला नवरा

बायकोचा संशयास्पद मृत्यू झाला की पहिला संशय नवऱ्यावर, हे गुन्हेगारी मालिकांचे ठरलेले गणित. दिल्लीतल्या एका खटल्यात मात्र अशी मालिका सादर करणाराच आरोपी झाला.

सुहैब इलियासी १९९८ पासून झी टीव्हीवर 'इंडियाज मोस्ट वॉन्टेड' सादर करत. फरार आरोपीची माहिती, गुन्ह्याचे नाट्यरूपांतर आणि प्रेक्षकांना आवाहन, असा तो मामला. ११ जानेवारी २००० रोजी त्यांच्या पत्नीचा चाकूच्या जखमांनी मृत्यू झाला. तिने स्वतःलाच भोसकून घेतले, असे इलियासी यांचे म्हणणे होते. मार्चअखेर त्यांना अटक झाली, पण खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हे, हुंडाबळीचा.

तसे का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्टोव्हच्या भडक्यात सुना 'अपघाताने' जळत होत्या आणि बंद दाराआडचा साक्षीदार मिळत नव्हता. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत सासरच्या छळाचे कलम ४९८-अ आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, की कायदा नवऱ्याकडे व सासरच्यांकडे बोट दाखवतो.

याच काळात पुण्यातला एक खटला उलट दिशेने गेला. जून १९८२ मध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेली तरुणी सायनाइडने मेली. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिने आपले दुःख मांडले होते, तीच पत्रे पुरावा झाली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार नसताना परिस्थितीवरून जोडलेल्या दुव्यांची, साखळी कुठेही तुटता कामा नये आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यताच उरता कामा नये, हे 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने घालून दिले. त्यातल्या पाच कसोट्यांना न्यायालयानेच 'पंचशील' म्हटले. आजही परिस्थितीजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खुनाच्या खटल्यांत बचावाचा वकील तो निकाल काढतोच.

दुसरे टोक २००६ चे, तेही महाराष्ट्रातलेच. पत्नीच्या खुनाच्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की गुन्हा घराच्या चार भिंतींआड झाला असेल, तर आत काय घडले याचा खुलासा घरातल्यांनीही द्यायला हवा. नुसते गप्प राहून सुटका नाही.

इलियासी खटला या दोन टोकांमध्ये लोंबकळत राहिला. जखमा स्वतः केलेल्या की दुसऱ्याने, यावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते. पत्नीच्या आईच्या अर्जावरून २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खुनाचे कलम लावायला सांगितले. डिसेंबर २०१७ मध्ये जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पाऊण तासाच्या एपिसोडला न परवडणारी ही गोष्ट.

मराठी प्रेक्षकाला पोलिसी मालिकेची सवय त्याही आधीची, दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'पासूनची. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि त्यातले शिवाजी साटम यांनीच पुढे 'सीआयडी' घरोघरी नेली. मग 'क्राइम पेट्रोल', 'सावधान इंडिया' आले. 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी लागते ती बहुधा अटक झाल्यावर, निकाल लागल्यावर नव्हे, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. २०२५ मध्ये मेरठचा निळा ड्रम (त्यात नवऱ्याचा मृतदेह सापडला होता) आणि इंदूरच्या जोडप्याचे मेघालयातले प्रकरण गाजले, तेव्हा वृत्तवाहिन्यांनी मालिकांचीही वाट पाहिली नाही. दोन्हींत नवऱ्याचा खून झाला आणि आरोप बायकोवर होता. त्यावरून 'आता नवरेच असुरक्षित' अशा चर्चा झडल्या. इकडे देशात दरवर्षी सहा हजारांवर हुंडाबळींची नोंद होते, त्यावर तेवढा वेळ कुणी खर्चत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हुंडाबळीचे कलम ८० आणि खुनाचे १०३ झाले. मालिकांमधला इन्स्पेक्टर बहुधा अजून काही वर्षे खुनाला जुने कलम ३०२च म्हणत राहील.