घाशीराम कोतवाल प्रकरण

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्याचा कोतवाल असलेल्या घाशीराम सावळदास याचा अंमल आणि शेवट या दोहोंना मिळून हे नाव रूढ आहे. घाशीराम औरंगाबादकडचा गौड ब्राह्मण. कारभार नाना फडणवीसांच्या हाती असताना, १७७७ च्या सुमारास तो कोतवालीवर आला आणि ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस जमावाच्या दगडांखाली मेला.

रात्रीची गस्त, परस्थांवर नजर, वजनमापे, किरकोळ तंटे ही कोतवालाची कामे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्याला सकाळपर्यंत चावडीवर बसावे लागे. दंडाची रक्कम सरकारजमा होई. वसूल येत राहिला तोवर वरून विचारपूस होण्याचे फारसे कारण नसावे.

पेशव्यांकडून श्रावणात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेसाठी आलेले काही तैलंग (तेलुगू प्रदेशातले) ब्राह्मण परतीच्या वाटेवर घाशीरामाच्या बागेत शिरले. बाग भवानी पेठेच्या बाजूस होती, असे सांगतात. फळे तोडण्यावरून माळ्यांशी बाचाबाची झाली आणि सर्वांना एका कोंदट जागेत कोंडण्यात आले. दार सरदार मानाजी फाकडे यांनी फोडले, तेव्हा आत प्रेतांचा खच पडला होता. मृतांचा आकडा बहुधा एकवीस दिला जातो, पण तो सर्वत्र सारखा नाही. कोंडण्याचा हुकूम कोणाचा, हा खरा वादाचा मुद्दा. एका मताप्रमाणे घाशीरामाने जाणूनबुजून जीव घेतले. दुसऱ्या मताप्रमाणे शिपायांनी त्यांना चोर म्हणून सांगितले व त्याने खातरजमा न करता मान डोलावली. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कोतवालीत विचारपूस न करता कोंडणे हा परिपाठच असेल, तर वेगळ्या दुष्ट हेतूची गरज उरत नाही. अर्थात त्याने दोष कमी होत नाही.

एवढी वर्षे शहर गप्प का राहिले, याचे उत्तर तक्रारदार कोण होते यात शोधावे लागते. तंट्यात सापडलेला कुणबी किंवा दुकानदार कोतवालाविरुद्ध बोलला, तर त्याची पुढची फेरी त्याच चावडीवर. तैलंगांचे तसे नव्हते: ते परगावचे, संख्येने मोठे आणि दक्षिणेमुळे दरबाराच्या आश्रयातले. ते नानांच्या दारी जमले आणि हटेनात, तेव्हा घाशीरामाला त्यांच्या हवाली करणे भाग पडले. शहरातून त्याची धिंड काढण्यात आली. त्याला ज्या कारभाऱ्यांनी नेमले होते, त्यांची चौकशी मात्र झाली नाही.

मोरोबा कान्होबा यांची याच नावाची कादंबरी १८६३ ची. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाने हे नाव घरोघरी नेले. नानांच्या चित्रणावरून त्यावर वादंग झाला. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे खुद्द नाटककारांनी म्हटले होते; तरीही आजच्या पुणेकराच्या मनातला घाशीराम बहुतांशी रंगमंचावरचाच आहे.