बर्गंडीच्या तळघरातले हिवाळी काम

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात नवी वाइन पिंपांत भरल्यापासून वसंत ऋतूपर्यंत तिची जी देखभाल चालते, तेच हे हिवाळी काम. तोडणी साधारण सप्टेंबरात होते. पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा रस सालींसकट दोन-तीन आठवडे आंबतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास ओकच्या पिंपांत उतरतो. इथले पिंप 228 लिटरचे. त्याला ‘प्येस’ म्हणतात. पुढचे काही महिने तळघरात काहीच घडत नाही असे पाहुण्याला वाटते. कामकऱ्यांचा बराच वेळ जातोही तसाच: पिंपे काठोकाठ भरलेली ठेवण्यात.

लाकूड वाइन पिते, शिवाय त्यातून थोडी उडूनही जाते. वर पोकळी राहिली की हवा मिळते, ॲसिटिक जीवाणू फोफावतात आणि वाइनचा शिरका होतो. म्हणून दर आठवड्या-पंधरवड्याला बूच काढायचे आणि त्याच वाइनची भर घालायची. कोरे पिंप सुरुवातीला जास्त पिते.

हिवाळ्यातली खरी घडामोड मात्र जीवाणूंची. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल ते दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतात. आंबटपणाची धार उतरते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. बुचाच्या भोकाला कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते. तळघरवाले खरोखरच तसा कान लावतात, मग कागदावरच्या चाचणीत मॅलिकचा डाग नाहीसा झाला का तेही पाहतात. या जीवाणूंना 18–20 अंशांची ऊब मानवते. थंडीने तळघर गारठले की काम अडते आणि वसंतात पुन्हा सुरू होते. घाई असलेले लोक तळघर तापवतात.

नाशिककडे हे सगळे कॅलेंडरच उलटे. पावसाळा सरता सरता छाटणी होते आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात. बर्गंडीत शांतता असते तेव्हा इथे क्रशर चालू असतो. देखभालीचे महिने ऐन उन्हाळ्यात येतात, त्यामुळे गारवा चिलरच्या जोरावर, स्टीलच्या टाक्यांत राखावा लागतो.

जीवाणूंचे काम आटोपले की गंधकाची मात्रा देतात. गाळ तळाशी बसल्यावर वरची निवळ वाइन दुसऱ्या पिंपात घेतात. जुन्या पद्धतीत धारेमागे मेणबत्ती धरत आणि धार गढुळली की तोटी बंद करत. हे काम कृष्णपक्षात, हवेचा दाब जास्त असलेल्या कोरड्या दिवशी करावे असा संकेत आहे. चंद्राचे काय ते असो, दाबाचे कारण पटण्यासारखे आहे: दाब उतरला की वाइनमधला वायू सुटू लागतो आणि गाळ वर उठतो. पुढे बाटलीत भरण्याआधी काही जण अंड्याचा पांढरा बलक घालून ती निवळतात. पावसाळी पाण्यात तुरटी फिरवावी तसाच हा प्रकार, फक्त बलक जास्तीचा तुरटपणाही सोबत तळाशी नेतो.

या दिवसांतली लाल वाइन चाखणे हा वेगळाच प्रकार आहे. रंग जांभळट, किंचित गढूळ, जिभेवर वायूची टोचणी. फळाचा वास आज भरभरून, तर पुढच्या आठवड्यात गायब. एवढ्यावरून वर्ष जोखणे धाडसाचे, पण बोन गावातल्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव नेमका नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो. 1859 पासूनच्या या लिलावात वाइन पिंपावर विकली जाते आणि तेव्हा ती जेमतेम दोन महिन्यांची असते. शेजारच्या बोजोलेत तर थांबायचेच नसते. गामे द्राक्षांचे अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून केलेली, कमी तुरट आणि कधी कधी चक्क केळ्याचा वास येणारी ‘नूव्हो’ त्याच महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी खुली होते. हा दिवस 1985 मध्ये ठरला. ती थंडच प्यावी आणि लवकर संपवावी.

बर्गंडीच्या तळघरात पाहुण्याला बूच काढून काचेच्या नळीने घोटभर वाइन देतात. पूर्वी ती ‘तास्तव्हँ’ नावाच्या उथळ चांदीच्या वाटीत घेत. वाटीचे खळगे मेणबत्तीचा उजेड परतवतात आणि मंद प्रकाशातही रंग दिसतो. तोंडातला घोट खाली रेतीवर थुंकायचा. पेल्यात उरलेली मात्र सांडायची नाही, ती पुन्हा त्याच पिंपात जाते.