नोट्स ॲपमधली टूडू लिस्ट

करायची कामं वेगळ्या ॲपमध्ये न लिहिता ज्या नोटमध्ये ती सुचली त्याच नोटमध्ये, त्याच मजकुराखाली चेकबॉक्स लावून लिहायची, आणि मग सगळ्या नोट्समधली राहिलेली कामं एका जागी ओढून बघायची, अशी ही पद्धत आहे. यातले दोन्ही भाग लागतात. नुसते चेकबॉक्स लावत गेलं आणि ते गोळा करायची सोय नसली तर कामं नोट्सच्या ढिगात बुडून जातात. उलट नुसती यादी असली आणि मागची नोट नसली तर महिन्याभराने 'फोन करणे' एवढंच दिसतं, कोणाला आणि कशासाठी ते काही केल्या आठवत नाही.

पूर्वी घरात बायका पदराला गाठ मारायच्या, काहीतरी करायचंय हे विसरू नये म्हणून. गाठीने आठवण व्हायची, पण कशाची ते डोक्यातच ठेवावं लागायचं. वेगळ्या टूडू ॲपमधली चार शब्दांची ओळ बऱ्याचदा त्या गाठीसारखीच असते. याच्या जवळची जुनी पद्धत म्हणजे दुकानातली कीर्द-खतावणी. दिवसभरात जे घडलं ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहायचं आणि नंतर प्रत्येकाच्या खात्यावर खतावणीत उतरवायचं. रोजची नोट ही कीर्द झाली, राहिलेल्या कामांची यादी ही खतावणी, फरक इतकाच की इथे उतरवायचं काम ॲप करतं.

उदाहरण म्हणून सोसायटीच्या कमिटी मीटिंगची नोट घ्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन आली, सगळ्यात स्वस्तवाला ५ वर्षांऐवजी ३ वर्षांचीच गॅरंटी देतोय, मधल्या रेटवाला तोंडी ५ म्हणतोय पण कागदावर काही नाही, पावसाळ्याआधी काम सुरू व्हायला हवं असं ठरलं, आणि त्याखाली एक चेकबॉक्स : 'मधल्याकडून गॅरंटी लेखी मागणे'. हीच ओळ टूडू ॲपमध्ये एकटी टाकली तर पंधरा दिवसांनी मधला कोण, कसली गॅरंटी, असा प्रश्न पडणार आणि परत व्हॉट्सॲप ग्रुप वर सरकवत बसावं लागणार. नोटमध्ये असली की ओळीवर टॅप केलं की सगळं प्रकरण समोर.

कुठून आलं हे

संगणकावर या पद्धतीचं सगळ्यात पूर्ण रूप ऑर्ग-मोडने दिलं असं माझं मत आहे. कार्स्टन डॉमिनिक या ॲमस्टरडॅममधल्या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोट्स आणि प्रोजेक्टचं प्लॅनिंग एकत्र राहावं म्हणून २००३ मध्ये ते इमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी लिहायला घेतलं, आणि २००७ मध्ये आलेल्या इमॅक्स २२ पासून ते इमॅक्ससोबतच मिळायला लागलं. त्यात कुठल्याही मथळ्याच्या आधी 'टूडू' शब्द टाकला की ते काम होतं आणि 'अजेंडा' नावाचा व्ह्यू सगळ्या फाइलींमधून आजची, आठवड्याची कामं गोळा करून दाखवतो. डेडलाइन असलेलं काम मुळातल्या सेटिंगप्रमाणे १४ दिवस आधीपासूनच अजेंड्यात दिसायला लागतं, हे फार उपयोगी आहे, कारण पासपोर्ट रिन्यू करायचं शेवटच्या दिवशी समजून काय उपयोग.

ऑर्ग-मोड आलं त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची वननोटही आली. विंडोजवर त्यात कंट्रोल आणि १ दाबलं की ओळीपुढे टूडूचा चौकोन येतो आणि टॅग शोधायच्या खिडकीतून सगळ्या वह्यांमधले चौकोन एकत्र बघता येतात. बऱ्याच जणांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर वननोट आधीपासून असते पण ही खिडकी कोणी उघडतच नाही, मग चौकोन नुसते शोभेला राहतात. गूगल कीप २०१३ मध्ये आलं, आयफोनच्या नोट्समध्ये चेकलिस्ट २०१५ साली आयओएस ९ सोबत आली. या दोन्हींतली चेकलिस्ट किराणा सामानासाठी मस्त, पण चाळीस नोट्समधले टिक न केलेले चौकोन तारखेप्रमाणे लावून दाखवणं हा त्यांचा प्रांत नाही. एव्हरनोटमध्ये चेकबॉक्स आधीपासून होते, ड्यू डेट आणि रिमाइंडरवाले खरे टास्क मात्र २०२१ मध्ये आले.

साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चेकबॉक्स लिहायची जी खूण आज सगळीकडे चालते, म्हणजे एक डॅश आणि चौकोनी कंसात मोकळी जागा, - [ ] अशी, ती मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणांनी मथळे, याद्या वगैरे लिहायच्या पद्धतीच्या, २००४ च्या मूळ रूपात नव्हती. प्रोग्रामर लोक कोड ठेवतात त्या गिटहब या साइटने ती वापरात आणली आणि तिथून ती बाकीच्या ॲपमध्ये पसरली. काम झालं की कंसात इंग्रजी एक्स टाकायचा. खूण इतकी साधी असल्यामुळे उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये फाइल उघडून काय राहिलंय ते डोळ्यांनी वाचता येतं.

प्रत्यक्षात कसं चालतं

ऑब्सिडियन हे २०२० मध्ये आलेलं ॲप अशाच मार्कडाउन फाइलींवर चालतं, आणि त्यात 'टास्क्स' नावाचं प्लगइन, म्हणजे ॲपला वरून जोडायची सोय, टाकलं की चेकबॉक्सच्या ओळीतच तारीख लिहिता येते. कॅलेंडरचा इमोजी म्हणजे शेवटची तारीख, वाळूच्या घड्याळाचा म्हणजे कोणत्या दिवशी करायला घ्यायचं ती तारीख, उडणाऱ्या विमानाचा म्हणजे त्याआधी हात लावायचा नाही ती तारीख. टिक केलं की झाल्याची तारीख ओळीच्या शेवटी आपोआप पडते. मग एका वेगळ्या नोटमध्ये क्वेरी, म्हणजे काय शोधायचं त्याची सूचना, लिहायची, 'झालेली नाहीत आणि उद्याच्या आधी ड्यू आहेत ती दाखव' अशा अर्थाच्या दोन इंग्रजी ओळी, की ती नोट उघडल्यावर पूर्ण संग्रहातली तेवढीच कामं दिसतात, प्रत्येकापुढे मूळ नोटची लिंक असते, आणि इथे टिक केलं की मूळ फाइलीतही टिक होते.

सुरुवातीलाच एक सेटिंग करून घ्यायला हवं आणि बहुतेक जण ते करत नाहीत. प्लगइन मुळात संग्रहातला प्रत्येक चेकबॉक्स काम समजतं, म्हणजे रव्याच्या लाडवाच्या रेसिपीतलं साहित्य, ट्रिपला न्यायचे कपडे, सगळंच यादीत येऊन बसतं. 'ग्लोबल फिल्टर'मध्ये एक टॅग ठरवला की तो टॅग असलेल्या ओळीच काम म्हणून धरल्या जातात. टॅग टाकायला दोन सेकंद जास्त लागतात, पण हे खरंच करायचंय का असा क्षणभर विचार होतो आणि यादी आटोपशीर राहते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांत एक बारकावा आहे. आईची तीन महिन्यांची सरासरी साखर बघायची टेस्ट दर तीन महिन्यांनी करायची आहे आणि या वेळी ती वीस दिवस उशिरा झाली, तर पुढची तारीख ठरलेल्या दिवसापासून मोजायची की झालेल्या दिवसापासून? इथे झालेल्या दिवसापासूनच हवी, कारण ती टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांचंच सांगते. टास्क्स प्लगइनमध्ये त्यासाठी 'व्हेन डन' हे शब्द जोडावे लागतात, नाहीतर ते ठरलेल्या तारखेपासून मोजतं. ऑर्ग-मोडमध्ये तर तीन प्रकार आहेत. एक अधिकचं चिन्ह दिलं तर तारीख एकाच टप्प्याने पुढे जाते, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स तीन महिने थकला असेल तर तीनदा टिक करावं लागेल, आणि ते बरोबरच आहे, पैसे तीन महिन्यांचे द्यायचे आहेत. दोन अधिक दिले तर वार तोच ठेवून सरळ पुढच्या येणाऱ्या तारखेवर उडी, रविवारच्या भाजीबाजाराला हे योग्य, हुकलेले दोन रविवार काही भरून काढायचे नसतात. आणि टिंब लावून अधिक दिला तर आजपासून मोजणी, फिल्टरची कँडल धुवायच्या कामासारखी.

मराठीत लिहिताना एक अडचण हमखास येते. कामाचा मजकूर देवनागरीत बिनधास्त लिहा, तारीख मात्र ऑब्सिडियनमध्ये वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांतच लागते. हे प्लगइन जावास्क्रिप्ट या ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतं तिच्या मजकूर ओळखायच्या पॅटर्नमध्ये 'अंक' या खुणेत फक्त इंग्रजी ० ते ९ धरले जातात, देवनागरी अंक तिला अंक वाटतच नाहीत. एरर वगैरे काही येत नाही, ओळ दिसते, चेकबॉक्स दिसतो, फक्त ते काम बिनतारखेचं समजलं जातं आणि आजच्या यादीत कधीच येत नाही. माझे दोन आठवड्यांचे टास्क असेच गायब झाले होते. तेव्हापासून मी तारीख हाताने टाइप करत नाही, प्लगइनच्या खिडकीतूनच निवडते.

डोकं हलकं होतं म्हणतात ते

१९२७ मध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अर्धवट राहिलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात असं मांडलं होतं. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी दिसलेला नाही. या विषयाला जास्त जवळचं आहे ते मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचं २०११ चं संशोधन. राहिलेलं काम मनात येऊन त्रास देतं तो त्रास काम पूर्ण न करताही कमी होतो, ते कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवलं तर. म्हणून 'गच्चीचं बघणे' असं लिहून मन शांत होत नाही आणि 'शनिवारी सकाळी मधल्याला फोन, गॅरंटी लेखी मागणे' असं लिहून होतं. सोबत नोटमध्ये कोटेशनचे आकडे असतील तर आणखीच.

या पद्धतीत काही गोष्टी मुळातच नाहीत. ऑब्सिडियनचं टास्क्स प्लगइन वाजत नाही, क्वेरीची नोट उघडली तरच कामं दिसतात. दुपारी साडेतीनला शाळेत पोचायचं असेल तर ते कॅलेंडरमध्ये अलार्म लावूनच ठेवावं. आणि थकलेली कामं साचतात, पंचवीस उलटलेल्या तारखा झाल्या की यादी उघडावीशीच वाटत नाही. यावर मला चाललेला उपाय म्हणजे रविवारी पंधरा मिनिटं बसून प्रत्येक जुन्या कामाची तारीख बदलायची नाहीतर ते रद्द करायचं. रद्द म्हणजे डिलीट नव्हे. कंसात डॅश टाकला की प्लगइन ते रद्द धरतं आणि ओळ जागेवर राहते. कमिटी बदलली, नवीन सेक्रेटरीने विचारलं की गच्चीचं काम शेवटचं कधी झालं आणि स्वस्तवाल्याला का नाही दिलं, तर मीटिंगची तीच जुनी नोट उघडायची, गॅरंटी लेखी आल्याची तारीख टिकपुढे असते आणि स्वस्तवाल्याशी बोलायचं काम डॅश होऊन त्याखाली असतं.