मुरांब्यासारखी मुरवलेली युद्धनौका

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचं मागचं दार पावसाळ्यात असं फुगतं की खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. मेमध्ये तेच दार आखडतं आणि फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत येतात. लाकूड ओल पितं आणि सोडतं, हे नागपूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. पण ४३७ वर्षं समुद्रतळाशी भिजलेलं लाकूड वाळवायचं कसं?

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या जुन्या नौदल गोदीत मी 'मेरी रोझ' पाहायला गेले, ती याच कुतूहलापोटी. आठव्या हेन्री राजाची ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी बुडाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढली गेली. बुडाल्यावर ती एका कुशीवर गाळात रुतली. उघडी राहिलेली बाजू प्रवाहाने आणि लाकूड पोखरणाऱ्या जीवांनी संपवली. (त्यांतल्या एकाला जहाजकिडा म्हणतात, पण तो खरा शिंपल्याचा भाऊबंद.) गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिथे दडलेली निम्मी नौका वाचली.

वाचली, तरी आतून पोकळ झालेली. जिवाणूंनी लाकडाच्या पेशींच्या भिंती खाल्ल्या होत्या आणि पाण्यानेच त्यांना फुगवून धरलं होतं. तशीच वाळवली असती, तर पाण्याबरोबर त्या भिंती आत ओढल्या जाऊन लाकूड चिरफळलं असतं. म्हणून आधी बरीच वर्षं थंड पाण्याचे फवारे, आणि १९९४ ते २०१३ पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे. मलमांत वापरतात तोच हा मेणचट पदार्थ.

आवळ्याचा मुरांबा ज्यांनी घातलाय त्यांना हे लगेच कळेल. पहिल्याच दिवशी घट्ट पाक घातला तर आवळा आकसून सुरकुततो. पाक हळूहळू दाट करत न्यावा लागतो. इथेही तेच. आधी लहान रेणूंचं द्रावण पेशींच्या भिंतींत मुरवलं, मग मोठ्या रेणूंचं दाट द्रावण पोकळ्यांत भरलं. त्यानंतरच नौका वाळवायला घेतली. काचेपलीकडच्या काळपट फासळ्या पाहताना एवढा धीर धरणाऱ्यांबद्दल माझं मन भरून आलं.

ही नौका मुख्यतः ओकची. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळे खातं. आपल्या सागाचं तसं नाही; त्यातलं तेल खिळ्यांनाही जपतं आणि लाकडालाही. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. १९८६ पर्यंत ती याच पोर्ट्समथच्या बंदरात नांगरलेली होती. आता ती हार्टलपूलला आहे, आणि अजूनही तरंगते आहे.